ऑस्करची उधारी

पुरस्काराचा निकाल एका रात्रीत लागतो. तो कुणाला मिळायला हवा होता, याचा निकाल मात्र कधीच लागत नाही. १९४१ सालच्या चित्रपटांमधून ऑस्करने सर्वोत्कृष्ट ठरवला जॉन फोर्डचा ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’. ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’ला नऊ नामांकनं होती आणि पदरात पडलं एकच पारितोषिक, पटकथेचं. ज्यांनी तेव्हा मतं दिली ते केव्हाच गेले. तरी आजही चार सिनेमावेडे एकत्र बसले की कुणीतरी हा विषय काढतोच, आणि चहा गार होईपर्यंत भांडण रंगतं.

या भांडणाला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून नावं ठेवायची पद्धत आहे. पण त्याचा माग काढत मागे गेलं की कळतं, हे भांडण पुरस्काराइतकंच जुनं आहे आणि ऑस्करचे कितीतरी नियम त्याच्याच पोटी जन्मले आहेत. शिवाय त्याचं एक खास वळण आहे. एका वर्षी जो नाहक हरला, त्याची भरपाई पुढल्या एखाद्या वर्षी करायची. त्यापायी त्या वर्षीचा खरा हक्कदार मागे ठेवायचा. मग यथावकाश त्याचीही भरपाई करायची. हॉलिवूडमध्ये ही उधारीची वही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

पहिला ऑस्कर समारंभ १६ मे १९२९ रोजी हॉलिवूड रूझवेल्ट हॉटेलात झाला. मेजवानी झाली आणि पंधरा-एक मिनिटांत सगळी पारितोषिकं वाटून झाली. विजेत्यांची नावं फेब्रुवारीतच जाहीर झाली होती, त्यामुळे धाकधूक कुणालाच नव्हती. पण वादाचं बी त्या पहिल्याच यादीत होतं. त्या वर्षी सर्वोच्च म्हणावीत अशी पारितोषिकं दोन होती. एक ‘विंग्ज’ला मिळालं, पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांवरच्या भव्य चित्रपटाला. दुसरं होतं आगळ्या आणि कलात्मक निर्मितीसाठी, ते एफ. डब्ल्यू. मुर्नाऊच्या ‘सनराइज’ला मिळालं. पुढच्याच वर्षी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने हे दुसरं पारितोषिक बंद केलं आणि ‘विंग्ज’चं पारितोषिक हेच पहिलं ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ म्हणून इतिहासात धरलं गेलं. भव्यतेला एक आणि कलेला एक ही मुळातली सोय गेली, आणि दोघींना एकाच बक्षिसासाठी झुंजावं लागलं. पुढचं ‘केन’ की ‘व्हॅली’ हे भांडण त्याच जातीचं.

दुसऱ्या वर्षी अभिनेत्रीचं पारितोषिक ‘कोकेट’साठी मेरी पिकफर्डला गेलं. ती अकादमीच्या संस्थापकांपैकी एक. अंतिम निवड तेव्हा पाच पंचांचं मंडळ करत असे, आणि पिकफर्डबाईंनी या पंचांना आपल्या ‘पिकफेअर’ या बंगल्यावर चहाला बोलावलं होतं, अशी कुजबुज झाली. चहाचा आणि निकालाचा संबंध किती, ते पंचच जाणोत. पण टीका एवढी झाली की पंचांचं मंडळ मोडीत निघालं आणि मतदानाचा हक्क सगळ्या सदस्यांना मिळाला. भांडणाने घडवलेला हा पहिला नियम.

दुसरा प्रसंग जास्त गाजला. १९३४ साली ‘ऑफ ह्युमन बाँडेज’मध्ये बेटी डेव्हिसने मिल्ड्रेड नावाच्या लंडनमधल्या वेट्रेसचं काम केलं. स्वार्थी, तोंडाळ, पडद्यावर अजिबात गोड न दिसणारी बाई. त्या काळात नायिका असं काही करायला धजत नसत. नामांकनं जाहीर झाली तेव्हा अभिनेत्रींच्या यादीत तीनच नावं होती आणि त्यांत डेव्हिस नव्हती. सिनेसृष्टीत एवढा गदारोळ झाला की अकादमीला नमतं घ्यावं लागलं. मतपत्रिकेवर छापलेली नावं नको असतील तर मतदाराने आपल्या पसंतीचं नाव हाताने लिहावं, अशी मुभा दिली गेली. तरी जिंकली ‘इट हॅपन्ड वन नाइट’मधली क्लॉडेट कोलबेर. तिला स्वतःला जिंकण्याची एवढी कमी आशा होती की ती समारंभाला न येता न्यूयॉर्कची गाडी पकडायला स्टेशनवर गेली होती. तिला तिथून प्रवासाच्या कपड्यांतच बोलावून आणलं.

या गोंधळानंतर मतमोजणी प्राइस वॉटरहाऊस या हिशेबतपासनीसांच्या पेढीकडे सोपवली गेली. हाताने नाव लिहिण्याची मुभा आणखी एक वर्ष टिकली आणि तिने १९३६ मध्ये एक चमत्कार करून दाखवला. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चा छायाचित्रकार हॅल मोर नामांकनाच्या यादीत नसतानाही केवळ हाताने लिहिलेल्या मतांवर जिंकला. असा तो ऑस्करच्या इतिहासातला एकमेव. त्यानंतर ही वाट कायमची बंद झाली. त्याच समारंभात बेटी डेव्हिसला ‘डेंजरस’साठी ऑस्कर मिळालं. हे गेल्या वर्षीचं देणं आहे, हे तिने स्वतः ओळखलं होतं आणि पुढे तसं मोकळेपणाने सांगितलंही. त्या वर्षी कॅथरीन हेपबर्नचं ‘अॅलिस अॅडम्स’मधलं काम सरस होतं, असं तिचंच मत. उधारीच्या वहीतली ही पहिली ठळक नोंद.

पण या वहीचं खरं रूप पाहायचं तर २९ फेब्रुवारी १९४० या रात्रीपासून निघायला हवं. तोवर अकादमी विजेत्यांची यादी वर्तमानपत्रांना आधीच देत असे, रात्री उशिरा छापायच्या बोलीवर. त्या रात्री ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने संध्याकाळच्या आवृत्तीतच यादी छापून टाकली. पाहुण्यांना सभागृहात शिरण्याआधीच निकाल समजला. पुढच्या वर्षापासून बंद पाकीट आलं. आज ज्या पाकिटाकडे जग श्वास रोखून पाहतं, त्याचा उगम एका फुटलेल्या बातमीत आहे.

त्याच रात्री जेम्स स्टुअर्ट हरला. ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मध्ये तो सिनेटमध्ये तासन्‌तास उभा राहून बोलत राहतो, घसा बसतो, शब्द फुटेनासे होतात, तरी खाली बसत नाही. हा बसलेला आवाज खरा वाटावा म्हणून स्टुअर्टने डॉक्टरकडून घशाला औषध लावून घेऊन तो मुद्दाम सुजवला होता. जिंकला मात्र ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’मधला रॉबर्ट डोनाट. शाळामास्तराचं आयुष्य तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत उभं करणारं तेही काम हलकं नव्हतं. पण स्टुअर्टचं देणं बाकी राहिलं, ही भावना सगळ्यांच्या मनात बसली.

ते देणं पुढच्याच वर्षी फिटलं. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’त स्टुअर्टने पत्रकाराचं काम केलंय. फर्मास, हलकंफुलकं, दारूच्या अमलाखालच्या प्रसंगात तर बहारदार. पण त्याच वर्षी स्पर्धेत होता त्याचा जिवलग मित्र हेन्री फोंडा, ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मधला टॉम जोड. जमीन गमावून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागलेल्या कुटुंबातला हा मुलगा शेवटी रात्रीच्या अंधारात आईचा निरोप घेतो. फोंडा त्या प्रसंगात आवाज चढवत नाही, हातवारे करत नाही, डोळ्यांवर थोडासा उजेड, बस. ‘फिलाडेल्फिया’ पाहून झाल्यावर हा प्रसंग पाहावा. न्याय कुठे चुकला, ते वेगळं सांगावं लागत नाही. स्टुअर्टलाही ते ठाऊक होतं. आपण स्वतः मत फोंडालाच दिलं होतं, असं त्याने सांगून टाकलं. ऑस्करची त्याची बाहुली पेनसिल्व्हेनियात वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात कित्येक वर्षं मांडून ठेवलेली होती.

आता देणं फोंडाचं झालं, आणि ते थकलं तब्बल एकेचाळीस वर्षं. मधल्या काळात अभिनयासाठी त्याला साधं नामांकनही मिळालं नाही. अखेर १९८२ मध्ये ‘ऑन गोल्डन पाँड’साठी त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हा तो इतका आजारी होता की समारंभाला येऊ शकला नाही. बाहुली मुलगी जेनने स्वीकारली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. त्या रात्री मागे राहिलेल्यांत ‘अॅटलांटिक सिटी’मधला बर्ट लँकेस्टर होता. निखळ त्या वर्षाच्या कामावर निकाल लागता तर माझं मत लँकेस्टरला. त्याला पूर्वी एकदा मिळालेलं होतं, म्हणून त्याचं दुःख कुणी धरलं नाही. त्याच यादीत आणखी एक नाव होतं, पॉल न्यूमन. त्याची ही अभिनयातली पाचवी हार.

सहावी हार लगेच पुढच्या वर्षी आली, आणि तिच्याशी आपलं नातं आहे. ‘द व्हर्डिक्ट’मध्ये न्यूमनने दारूत बुडालेल्या, हरलेल्या वकिलाचं काम केलं. त्याच्या कारकिर्दीतल्या सर्वांत उत्तम कामांपैकी हे एक, असं मानणारे पुष्कळ. पण ११ एप्रिल १९८३ ची ती रात्र ‘गांधी’ची होती. बेन किंग्जलेला अभिनयाचं आणि रिचर्ड अॅटनबरोला दिग्दर्शनाचं धरून एकूण आठ ऑस्कर. त्यांतलं वेशभूषेचं ऑस्कर जॉन मोलोसोबत कोल्हापूरच्या भानू अथैयांना मिळालं; ऑस्कर जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडींना ब्रिटनच्या अकादमीने सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक दिलं, ऑस्करने मात्र नामांकनही दिलं नाही. अमेरिकेत अजून वाद चालतो तो ‘गांधी’ की स्पीलबर्गचा ‘ई. टी.’ असा, आणि खुद्द अॅटनबरोचं म्हणणं होतं की ‘ई. टी.’ जिंकायला हवा होता. अमेरिकन रसिक न्यूमनसाठी हळहळतात. आपल्याला किंग्जलेच्या जागी दुसरं कुणी जिंकलेलं चाललं असतं का? कुणी जिंकायला हवं होतं, याचं उत्तर आपण कुठे बसून चित्रपट पाहतो यावरही ठरतं.

न्यूमनची थकबाकी आता डोळ्यांवर येऊ लागली होती. १९८६ मध्ये अकादमीने त्याला सन्मानाचं ऑस्कर दिलं. म्हातारपणी निरोपाचा नारळ द्यावा तसं. या बक्षिसासोबत स्मशानभूमीचं कूपन दिलं नाही हे बरं झालं, अशा अर्थाचा विनोद त्याने त्यावर केला. आणि पुढच्याच वर्षी ‘द कलर ऑफ मनी’साठी त्याला अभिनयाचं खरं ऑस्कर मिळालं. या चित्रपटातला एडी फेल्सन हा ‘द हसलर’मधलाच एडी. त्या भूमिकेसाठी पंचवीस वर्षांपूर्वी त्याला नामांकन होतं आणि तो हरला होता. एकाच पात्राच्या खात्यावरची रक्कम पाव शतकाने जमा झाली. न्यूमन समारंभाला आलाच नाही. त्या रात्री मागे राहिला ‘मोना लिसा’मधला ब्रिटिश नट बॉब हॉस्किन्स, ज्याला त्याच चित्रपटासाठी कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं होतं. त्याला नंतर कधीही ऑस्करचं नामांकन मिळालं नाही. १९३९ च्या चित्रपटांपासून निघालेली ही उधारी सत्तेचाळीस वर्षं एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात फिरत राहिली, आणि शेवटी ज्याच्या नावावर ती उरली, त्याला ती कुणीच परत केली नाही.

अशा साखळ्या आणखीही आहेत. ‘द गॉडफादर’चे पहिले दोन भाग, ‘सर्पिको’, ‘डॉग डे आफ्टरनून’ या सगळ्यांसाठी हरलेल्या अल पचिनोला १९९३ मध्ये ‘सेंट ऑफ अ वुमन’साठी मिळालं, तेव्हा ‘माल्कम एक्स’ साकारणारा डेन्झेल वॉशिंग्टन हरला. वॉशिंग्टनला मग २००२ मध्ये ‘ट्रेनिंग डे’साठी मिळालं.

उधारी कधी फिटली, कधी नाही, हे रसिक एवढ्या ठामपणे सांगतात, त्याचं एक कारण अकादमीचं मौन आहे. कुणाला किती मतं पडली हे ती सांगत नाही. सुरुवातीच्या काळात, १९३२ मध्ये, फ्रेडरिक मार्चला वॉलेस बीरीपेक्षा एकच मत जास्त पडलं आणि एवढा थोडा फरक बरोबरीच धरायचा या तेव्हाच्या नियमाने दोघांनाही बाहुली मिळाली. असे आकडे एरवी बाहेर येत नाहीत. म्हणून मेहबूब खानच्या ‘मदर इंडिया’चं परदेशी चित्रपटाचं ऑस्कर १९५८ मध्ये एका मताने हुकलं, ही आपल्याकडे आजही छातीठोकपणे सांगितली जाणारी गोष्ट जपून घ्यावी. तो हरला, फेलिनीच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’कडे हरला, इतकंच खात्रीचं. एका मताची गोष्ट ऐकायला गोड लागते, कारण तिच्यात हार जवळपास विजयासारखी वाटते. २००२ मध्ये ‘लगान’ हरला, तेव्हाही घरोघरी हळहळ झाली. पण जिंकलेला ‘नो मॅन्स लँड’ हळहळणाऱ्यांपैकी कितीजणांनी पाहिला होता?

उधारीची ही रीत फक्त हॉलिवूडचीच नाही. १९७६ च्या फिल्मफेअर पुरस्कारांत ‘शोले’ला मिळालं एकच पारितोषिक, संकलनाचं, ते एम. एस. शिंदे यांना. सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘दीवार’, दिग्दर्शक यश चोप्रा, आणि कथा, पटकथा, संवाद हे तिन्ही ‘दीवार’साठी सलीम-जावेद. लिखाणात ‘शोले’ला हरवणारे ‘शोले’चेच लेखक होते. ‘दीवार’ त्या सालचा थोर चित्रपट नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही. तरी बोच राहिली, आणि २००५ मध्ये फिल्मफेअरने पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ‘शोले’ला गौरवून हिशेब मिटवला. १९७३ साली तर प्राणने ‘बेइमान’साठीचं स्वतःचं पारितोषिकच नाकारलं. संगीताचं पारितोषिक ‘पाकीजा’च्या गुलाम मोहम्मदांना मिळायला हवं होतं, ते ‘बेइमान’च्या शंकर-जयकिशन यांना गेलं, म्हणून. गुलाम मोहम्मद तेव्हा हयातही नव्हते. दुसऱ्याच्या हक्कासाठी, आणि तेही आपल्याच चित्रपटाच्या विजयाविरुद्ध, स्वतःचं बक्षीस सोडणारा माणूस क्वचितच सापडेल.

इथे एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. भारत सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कारांवरही वाद होतात, पण त्यांत ही उधारी दिसत नाही. १९५४ मध्ये पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं, ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्तेचं प्रशस्तिपत्रक मिळालं. त्याच वर्षी पहिल्या फिल्मफेअरमध्ये सर्वोत्कृष्ट ठरला तो ‘दो बिघा जमीन’. तेव्हाही मतभेद होता. पण राष्ट्रीय पुरस्कारांत पाच नावं आधी जाहीर करून मग चौघांना सर्वांसमोर हरवायची पद्धत नाही. हरलेल्यांची यादीच नसेल तर हरल्याची आठवण कशाला चिकटणार? नामांकनाची यादी हीच या भांडणाची जन्मदात्री आहे.

ऑस्कर १९ मार्च १९५३ रोजी पहिल्यांदा टीव्हीवर दिसलं, आणि त्याच रात्री ‘हाय नून’ला बाजूला सारून सेसिल बी. डेमिलचा सर्कशीवरचा ‘द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ’ जिंकला. हा निकाल आता घराघरात बसून पाहणाऱ्यांचाही झाला. १९९३ मध्ये डॅनी पिअरी या समीक्षकाने ‘ऑल्टरनेट ऑस्कर्स’ नावाचं पुस्तकच लिहून पहिल्या वर्षापासूनचे प्रमुख निकाल आपल्या मताने पुन्हा लावले. ‘हॉलिवूड रिपोर्टर’ने २०१५ मध्ये अकादमीच्या सदस्यांना जुन्या स्पर्धांवर पुन्हा मत द्यायला सांगितलं, तेव्हा २००६ चा ‘क्रॅश’ हरला आणि ‘ब्रोकबॅक माउंटन’ जिंकला. बाहुली अर्थातच ‘क्रॅश’कडेच राहिली.

भांडणाने नियम बदलल्याचा ताजा दाखला २००९ चा. आदल्या वर्षीच्या चित्रपटांतून ‘द डार्क नाइट’ आणि ‘वॉल-ई’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीबाहेर राहिले, त्यावरून झालेल्या ओरडीनंतर अकादमीने पाच नामांकनांची दहा केली. दहा नावांत मतं फुटणार, म्हणून मतदाराने पसंतीचा क्रम लावायची पद्धत आली. सर्वांत कमी पहिली पसंती मिळालेला चित्रपट बाद होतो, त्याची मतं दुसऱ्या पसंतीकडे जातात, आणि एखाद्याला निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत हे चालतं. याचा परिणाम असा की ज्याच्यावर काहींचा जीव आणि बाकीच्यांचा राग, असा चित्रपट मागे पडू शकतो, आणि कुणालाच फारसा न खटकणारा पुढे येऊ शकतो. ‘रोमा’ हरून ‘ग्रीन बुक’ जिंकला, ते याच पद्धतीत.

आणि हिशेब चुकता व्हायला दुसरी पिढीही लागते. १९९९ मध्ये ‘सेंट्रल स्टेशन’मधल्या ब्राझीलच्या फर्नांडा मॉन्टेनेग्रो हरल्या, जिंकली ‘शेक्सपिअर इन लव्ह’ची ग्विनेथ पॅल्ट्रो. २०२५ मध्ये त्यांची मुलगी फर्नांडा टॉरेस, ‘सेंट्रल स्टेशन’चाच दिग्दर्शक वॉल्टर सालेस याच्या ‘आय अॅम स्टिल हिअर’साठी त्याच स्पर्धेत उतरली. तीही हरली. ब्राझीलला मात्र त्या चित्रपटाने पहिलं आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर मिळवून दिलं.

एवढा माग काढल्यावर माझा कौल स्पष्ट आहे. बक्षीस त्या वर्षीच्या कामाला द्यावं, हयातभराच्या कर्तबगारीला नव्हे. त्यासाठी सन्मानाचं ऑस्कर आहेच. जुनं देणं नव्या वर्षाच्या खात्यातून फेडलं की दरवेळी एक बॉब हॉस्किन्स तयार होतो. भांडणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावं. हरलेल्याची बाजू घ्यायची तर जिंकलेल्याचं कामही तितक्याच मनापासून पाहिलेलं असावं. सुरुवात १९४० च्या चित्रपटांपासून करा. आधी ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ पाहा, मग ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’, आणि मग खुशाल भांडा.